स्पोर्ट्स कारचे शॉकअप बदलायचेत? मग कंपनी सगळ्यात शेवटी निवडा

शॉकअप गेले की पहिला प्रश्न येतो तो म्हणजे कुठल्या कंपनीचे घेऊ. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी ठरवायचं की स्प्रिंग ओरिजिनलच राहणार आहे का बदलणार, गाडी रोजच्या रस्त्यावर चालणार का ट्रॅकवर, आणि उंची आहे तेवढीच ठेवायची का खाली घ्यायची. एवढं नक्की झालं की बरेचसे पर्याय आपोआप गळून पडतात आणि जे उरतात त्यात चुकीचं असं फारसं काही नसतं. उलटं केलं, म्हणजे आधी पिवळा-निळा रंग बघून सेट घेतला आणि मग स्प्रिंगचा विचार केला, की मग वर्षभर शॉकअपचा कडकपणा बदलणारा नॉब फिरवत बसायचं.

त्याच्याही आधी शॉकअप खरंच गेलेत का ते बघा. कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही टेस्ट सगळे करतात पण त्यात फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धवट गेलेला नाही, आणि स्पोर्ट्स कारची स्प्रिंग मुळात कडक असल्यामुळे हाताने दाबून काही कळतही नाही. त्यापेक्षा टायर बघा, ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रबरावर, हात फिरवला की ठराविक अंतराने खोलगट चट्टे लागत असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये. हायवेला लांबलचक उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकदा वर येऊन बसायला हवी, ती दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा डोलत असेल तर काम संपलं. वळणाच्या मध्येच खड्डा आला आणि मागचा भाग बाजूला सरकला तर तीही तीच खूण. ऑइलचं म्हणाल तर बॉडीवर हलकासा ओलसर थर चालतो, सीलमधून एवढं येतंच, पण ओघळ खालपर्यंत आला असेल किंवा धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल तर बदला. खडखड आवाज मात्र लगेच शॉकअपच्या माथी मारू नका, बऱ्याच वेळा लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) किंवा टॉप माउंट (शॉकअप वरून गाडीला जिथे जोडतो तो भाग) गेलेलं असतं आणि लोक चारही शॉकअप बदलतात तरी आवाज तसाच. खरी अडचण अशी की शॉकअप इतके हळूहळू उतरतात की रोज चालवणाऱ्याला ते जाणवतच नाही, म्हणून त्याच मॉडेलची चांगल्या अवस्थेतली गाडी कोणी चालवायला दिली तर नक्की चालवून बघा.

आता थोडं आतलं, कारण हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही. गाडीचं वजन स्प्रिंग धरते, शॉकअप नाही. शॉकअप फक्त स्प्रिंगची हालचाल आवरतो, पिस्टन तेलातून जातो, तेल बारीक वाटांमधून आणि पातळ स्टीलच्या चकत्या वाकवून निघतं, आणि हालचालीची उष्णता होते. या चकत्यांना शिम म्हणतात आणि त्यांची जाडी, व्यास, रचना म्हणजेच वाल्विंग. तुम्ही पैसे मोजता ते खरं तर या वाल्विंगसाठी. बाकी रंग, बॉडी, नॉब हे सगळं त्याच्या भोवतीचं.

शॉकअपचा जोर पिस्टनच्या वेगावर अवलंबून असतो. लो स्पीड आणि हाय स्पीड हे शब्द गाडीच्या वेगाबद्दल नाहीत, पिस्टनच्या वेगाबद्दल आहेत, हे डोक्यात पक्कं बसवा नाहीतर सगळी चर्चाच डोक्यावरून जाते. गाडी वळणात झुकते, ब्रेक मारला की नाक खाली जातं, तेव्हा पिस्टन हळू चालतो, सेकंदाला काही सेंटीमीटर. खड्डा किंवा ट्रॅकचा कर्ब, म्हणजे कडेचा उंचवटा, लागला की तोच पिस्टन त्याच्या कितीतरी पट वेगाने धावतो. स्पोर्ट्स कारसाठी चांगला शॉकअप तो, जो हळू हालचालीला घट्ट धरतो म्हणजे गाडी लगेच वळण पकडते, आणि जोरात धक्का आला की वाल्व उघडून वाट देतो. ग्राफ काढला तर रेष सुरुवातीला झपकन वर जाते आणि मग आडवी होत जाते, याला डायग्रेसिव्ह म्हणतात. काही कंपन्या डायनोचे, म्हणजे शॉकअपचा जोर मोजणाऱ्या यंत्राचे, ग्राफ देतात, मिळाले तर बघाच, जाहिरातीतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा त्या एका चित्रात जास्त माहिती असते.

दुसरं म्हणजे दाबताना लागणारा जोर वेगळा आणि उघडताना लागणारा वेगळा. दाबणं म्हणजे कॉम्प्रेशन, उघडणं म्हणजे रिबाउंड. रस्त्यावरच्या गाड्यांना रिबाउंड साधारण कॉम्प्रेशनच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो, कारण वर येणाऱ्या चाकाला स्प्रिंग अडवतेच पण दाबलेली स्प्रिंग सुटते तेव्हा तिला रोखणारं दुसरं कोणी नसतं. पण रिबाउंड प्रमाणाबाहेर वाढवला तर एक विचित्र प्रकार होतो, एका खड्ड्यात चाक वर गेलं, खाली यायच्या आत दुसरा खड्डा, परत वर, परत अर्धवट खाली, असं करत करत गाडी खाली खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपची हालचाल संपते तिथल्या ठोकळ्यावर, आपटायला लागते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग मऊ पडली म्हणून तो अजून कडक करतो आणि प्रकरण आणखी बिघडतं.

स्प्रिंगशी जुळणं हाच यातला मुख्य मुद्दा. वजन तेच असेल तर लागणारं डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा आवर, स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. म्हणजे स्प्रिंग ५० टक्के कडक केली तर डॅम्पिंग साधारण २२ टक्के वाढायला हवं, ५० नाही. हा साधा हिशोब लक्षात ठेवला की दोन्हीकडच्या चुका टळतात. कंपनीचा स्टँडर्ड शॉकअप फार कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही, गाडी टणाटण उड्या मारते. आणि ट्रॅकसाठी वाल्व केलेला शॉकअप ओरिजिनल स्प्रिंगवर लावला तर स्प्रिंगला हलूच देत नाही, गाडी लाकडी वाटते आणि ओल्या रस्त्यावर ग्रिप जाते. इंजिनियर लोक याचं डॅम्पिंग रेशो काढतात, म्हणजे स्प्रिंगच्या मानाने शॉकअप किती आवरतो त्याचा आकडा, आरामाच्या गाड्यांमध्ये तो ०.२ ते ०.३ च्या आसपास असतो, रेस कारमध्ये ०.६५-०.७ पर्यंत नेतात, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार मध्ये कुठेतरी. कोणी छातीठोकपणे सांगितलं की जितका कडक तितका चांगला, तर त्याला हा आकडा विचारा.

अजून एक, एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीला लावू नका. चाक १० मिलीमीटर हललं तर शॉकअप किती हलतो हे प्रत्येक सस्पेन्शनमध्ये वेगळं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (जिथे शॉकअपच चाकाला वरून धरतो) जवळजवळ तेवढाच हलतो, डबल विशबोनमध्ये (जिथे चाकाला वर-खाली दोन आर्म धरतात) सातच मिलीमीटर हलू शकतो, आणि याचा परिणाम वर्गात होतो, ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे शॉकअपचा निम्माच प्रभाव चाकापर्यंत पोचतो. त्यामुळे मझदा एमएक्स-५ वाल्याने सांगितलेली सेटिंग टोयोटा जीटी८६ च्या पुढच्या स्ट्रटला लावण्यात काहीच अर्थ नाही, तिचं पुढचं सस्पेन्शन डबल विशबोन आणि याचं स्ट्रट.

मोनोट्यूब का ट्विन ट्यूब, यावर लोक तासनतास भांडतात. ट्विन ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी, बाहेरच्या भागात जास्तीचं तेल आणि वर कमी दाबाचा नायट्रोजन. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि गॅसच्या मध्ये तरंगता पिस्टन, आणि गॅस २० ते ३० बार एवढ्या दाबाचा. जास्त दाबाचा फायदा असा की पिस्टन जोरात धावला तरी त्याच्या मागे तेलात बुडबुडे होत नाहीत. ट्विन ट्यूब खूप वेळ खडबडीत रस्त्यावर पळवली तर तेल आणि गॅस एकमेकांत मिसळून हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा फेस होतो आणि मग शॉकअपला काही पकडच राहत नाही. शिवाय मोनोट्यूबचं तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असतं म्हणून लवकर थंड होतं. हे तंत्र फ्रान्सच्या ख्रिस्तियान बुर्सिए द कार्बोनचं, आणि बिलस्टीन कंपनीने ते १९५७ मध्ये मर्सिडीजसोबत बाजारात आणलं, म्हणजे नवीन काही नाही. पण ट्विन ट्यूब म्हणजे हलकं असं अजिबात समजू नका. ती बॉडीला दगड लागून पोचा पडला तरी चालत राहते, कारण आतली नळी सुरक्षित असते, मोनोट्यूबला पोचा पडला की पिस्टन अडकलाच समजा. तेवढ्याच लांबीत तिला हालचालही जास्त मिळते कारण गॅसची जागा खाली वेगळी ठेवावी लागत नाही. कोनी कंपनीचे नावाजलेले पिवळे शॉकअप बऱ्याच गाड्यांसाठी ट्विन ट्यूबच आहेत आणि ते लावून लोक मजेत ट्रॅकवर जातात. थोडक्यात ट्रॅकवर लांब सेशन करणार असाल तर मोनोट्यूबकडे झुका, रस्त्यासाठी दोन्ही चालतील, वाल्विंग चांगलं हवं.

स्ट्रट असेल तर एक गोष्ट जास्तीची बघायची. स्ट्रटमध्ये शॉकअप हा सस्पेन्शनचाच एक भाग असतो, वळणातला आडवा जोर त्याच्या पिस्टनच्या दांड्यावर येतो. म्हणून मोनोट्यूब स्ट्रट बरेचदा उलटा बसवतात, जाड बॉडी सरकते आणि बारीक दांडा आत लपलेला राहतो. डबल विशबोनला हा त्रास नाही, तिथे शॉकअपने फक्त आपलं काम करायचं. त्यामुळे स्वस्तातला शॉकअप विशबोनच्या गाडीत एकवेळ निभावून जाईल, स्ट्रटमध्ये सील लवकर जाणार.

आता ॲडजस्टेबल. इथे माझं मत जरा कडवट आहे. बहुतेक लोकांना नॉबची गरज नसते. ३० क्लिकचा नॉब ऐकायला भारी वाटतो, पण स्वस्त सेटमध्ये त्यातल्या पहिल्या चार-पाच क्लिकमध्येच सगळा फरक पडतो आणि बाकीचे नुसते टक टक वाजतात, शिवाय डावा आणि उजवा शॉकअप एकाच क्लिकवर सारखा जोर देईलच असं नाही. एकच नॉब असेल तर तो नेमकं काय बदलतो ते विचारून घ्या. कोनीच्या पिवळ्यांमध्ये फक्त रिबाउंड बदलतो, हे योग्यच आहे. पण काहींमध्ये एका नॉबने कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही एकदम वाढतात, आणि बॉडी डोलायची थांबवायला नॉब वाढवला की खड्डेही जास्त लागायला लागतात. केडब्ल्यू कंपनीची नावं यासाठी सोपी आहेत, व्हेरियंट १ मध्ये फक्त उंची, २ मध्ये उंची आणि रिबाउंड, ३ मध्ये कॉम्प्रेशनही. आणि नॉब कुठे आहे तेही बघा, काही शॉकअप बाहेर काढून, पूर्ण दाबून मग फिरवावे लागतात, ते काय तुम्ही दर रविवारी करणार नाही. २०१४ च्या शेव्हरले कॅमारो झी/२८ ला मल्टिमॅटिक कंपनीचे स्पूल वाल्ववाले (चकत्यांऐवजी सरकत्या वाल्वचे) शॉकअप होते, गाडी थेट ट्रॅकसाठी बनवलेली, आणि डॅम्पिंगला एकही नॉब नाही. कारखान्यात नीट बसवलेलं वाल्विंग असलं की झालं.

उंची कमी करायची असेल तर नीट ऐका. ओरिजिनल लांबीच्या शॉकअपवर छोटी स्प्रिंग लावली की पिस्टन कायम खालच्या भागात चालतो, बंप स्टॉपपर्यंतचं अंतर जातं, आणि थोडा जरी खड्डा आला तरी गाडी बंप स्टॉपवर. बंप स्टॉप हा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा असतो आणि तो स्वतःच एक स्प्रिंग आहे, दाबत गेलं की झपाट्याने कडक होणारी. वळणाच्या मध्यात पुढचं चाक त्याच्यावर बसलं की त्या बाजूची ग्रिप एकदम सुटते. म्हणून बिलस्टीनचे बी६ आणि बी८ वेगळे आहेत, बी६ ओरिजिनल उंचीसाठी आणि बी८ खाली घेतलेल्या स्प्रिंगसाठी बॉडी आखूड करून. बी४ म्हणजे साधा ओरिजिनलसारखा. बरेच जण बी८ ओरिजिनल स्प्रिंगवर लावतात आणि मग चाकाला खाली यायला पुरेशी हालचालच उरत नाही. उगाच दोन बोटं खाली घेण्यासाठी हे सगळं करायचं का, तुमचं तुम्ही ठरवा, मी तर स्ट्रटच्या गाडीत जास्त खाली जाऊच नका म्हणेन, कारण खालचे आर्म चुकीच्या कोनात जातात आणि गाडी वळणात जास्त झुकते, म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्याच्या उलट.

कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेला, उंची बदलता येणारा सेट) घ्यायचेच असतील तर असा सेट बघा ज्यात उंची बॉडीच्या खालच्या भागातून बदलते आणि स्प्रिंगचा दाब तसाच राहतो, म्हणजे उंची कमी केली तरी शॉकअपची हालचाल शिल्लक राहते. रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी किंवा समुद्राजवळ गाडी असेल तर बॉडीवरचे थ्रेड, म्हणजे आटे, गंजून उंची बदलायची कॉलर जाम होते आणि मग ती फिरवायला कोणाच्या बापाला जमत नाही. स्टेनलेस बॉडी घ्या, नाहीतर लावतानाच थ्रेड स्वच्छ करून संरक्षक लावून ठेवा. सर्व्हिस होते का तेही विचारा. ओहलिन्ससारखे शॉकअप उघडून तेल-सील बदलून परत नव्यासारखे करता येतात, पुढे कधी स्प्रिंग बदलली तर वाल्विंगही बदलता येतं, महाग असले तरी हिशोब जमतो. सीलबंद शॉकअप गेला की गेला.

गाडीला कंपनीकडूनच इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील तर वेगळी गंमत. मॅग्नेटिक प्रकारच्या शॉकअपमध्ये तेलात लोखंडाचे बारीक कण असतात आणि करंट दिला की तेल घट्ट होतं, हे सगळ्यात आधी २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलला आलं आणि पुढच्याच वर्षीच्या कॉर्व्हेटला. पोर्शेचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप, म्हणजे पीएएसएम, वाल्वने चालतात. हे काढून साधे शॉकअप लावले तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो घालवायला कॅन्सलेशन मॉड्यूल किंवा कोडिंग लागतं. काही कंपन्या गाडीच्या वायरिंगलाच जोडता येणारे शॉकअप बनवतात, बिलस्टीनचे डॅम्पट्रॉनिक त्यातले. गाडी बहुतेक रस्त्यावर चालत असेल तर मी इलेक्ट्रॉनिकच परत लावेन, साधे लावून त्या कम्फर्ट मोडची सोय गमावण्यात मजा नाही.

पार्ट नंबर जुळवताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. तेच मॉडेल कूपे, कन्व्हर्टिबल, स्पोर्ट सस्पेन्शन, बिना स्पोर्ट सस्पेन्शन असं चार प्रकारे येतं आणि शॉकअप वेगवेगळे. बीएमडब्ल्यू ई३० मध्ये पुढच्या स्ट्रटची नळी ४५ मिलीमीटर आणि ५१ मिलीमीटर अशा दोन मापांत येते, चुकीचं कार्ट्रिज, म्हणजे त्या नळीत घालायचा शॉकअप, मागवलं की पार्सल परत. चॅसिस नंबरवरून तपासा, शक्य असेल तर जुन्याच्या बॉडीवरचा नंबर वाचा. आणि एका ब्रँडचे शॉकअप कारखान्यातून लागलेले असतात, मझदा एमएक्स-५ च्या काही मॉडेलला बिलस्टीन येतात तसे, म्हणून त्याच ब्रँडचा दुकानातला शॉकअप तसाच चालेल असं धरू नका, कंपनीने मागितलेलं वाल्विंग वेगळं असू शकतं.

ऑर्डर करताना टॉप माउंट, बंप स्टॉप, डस्ट बूट आणि नवे लॉक नट सोबतच मागवा. एवढं सगळं उघडून जुनं फाटलेलं माउंट परत लावणं म्हणजे कंजूसपणाची हद्द, लेबर परत तेवढंच लागणार. आणि निदान एका ॲक्सलची जोडी एकदम बदला, एक नवा एक जुना कधीच नाही.

लावणं मेकॅनिककडून करून घेणार असाल तरी शेजारी उभे राहा. ट्विन ट्यूब शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून दोन-चार वेळा पूर्ण दाबून-सोडून आतली हवा काढायची असते, आडवा पडून आलेला असतो ना. दांड्याचा वरचा नट काढताना दांडा पक्कडीने धरायचा नाही, क्रोमवर एक ओरखडा गेला की तिथूनच सील कापलं जातं, षटकोनी पान्याने आतून धरायचं असतं. इम्पॅक्ट गनने दांडा गरगर फिरवला तर आतला पिस्टन नटही ढिला होऊ शकतो. स्ट्रटवरून स्प्रिंग काढायची असेल तर चांगला कॉम्प्रेसर, दोन्ही बाजूंनी सारखा घट्ट केलेला, आणि स्प्रिंगच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही, ती सुटली तर जीव जाऊ शकतो. खालचे रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल टाइट करू नका, चाकं जमिनीवर टेकून गाडी आपल्या उंचीवर बसली की मग टॉर्क रेंचने, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसात फाटतं. स्ट्रट काढला-लावला असेल तर त्याच्या खालच्या बोल्टमधल्या फटीनेच कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कललेला कोन, बदललेला असतो, त्यामुळे व्हील अलाइनमेंट करूनच घ्या.

मोनोट्यूब लावल्यावर गाडी काही मिलीमीटर वर बसलेली दिसली तर घाबरू नका, गॅसचा दाब दांड्याला बाहेर ढकलतो म्हणून असं होतं. पहिले काही दिवस थोडं कडकही वाटेल, सील नवीन असतात. मग एक सोपं काम करा, जिथे दांडा दिसतो तिथे त्याच्यावर प्लॅस्टिकची केबल टाय हलक्या हाताने बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय बॉडीने ढकलत ढकलत जिथे जाऊन थांबली तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. बंप स्टॉपपर्यंत पोचलीच नसेल तर स्प्रिंग किंवा कॉम्प्रेशन तुमच्या रस्त्यासाठी जास्त कडक आहे, रोजच बंप स्टॉपमध्ये घुसून चिरडत असेल तर उंची जास्तच कमी झालीये किंवा स्प्रिंग कमी पडतेय. ॲडजस्टेबल असतील तर सगळे सगळ्यात मऊ सेटिंगवर आणा, पुढे-मागे दोन-दोन क्लिक वाढवत जा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि गाडीचं डोलणं थांबलं की तिथेच हात आखडता घ्या. सेटिंग फोनमध्ये लिहून ठेवा, टायरच्या प्रेशरसकट, नाहीतर पुढच्या वेळी फरक क्लिकमुळे पडला का हवेमुळे तेच कळणार नाही.